गोळी 2 मिलिग्रॅमची, पट्टी 50 मायक्रोग्रॅमची, तरी परिणाम सारखा कसा? (हार्मोन कुठून घेतो यावर)

औषधवाली

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे पाळी थांबल्यानंतरच्या त्रासासाठी हार्मोन घेणाऱ्या मैत्रिणी आणि नात्यातल्या बायका मला प्रिस्क्रिप्शनचे फोटो पाठवत असतात. त्यातला एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, इस्ट्रॅडिऑलबद्दल, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनाच्या मुख्य रूपाबद्दल: "आधी इस्ट्रॅडिऑलची 2 मिलिग्रॅमची गोळी होती. आता डॉक्टरांनी त्वचेवर चिकटवायची 50 मायक्रोग्रॅमची पट्टी लिहून दिली. म्हणजे चाळीसपट कमी. एवढ्याशाने काय होणार?" काही जणी तर पट्टीचा आकडा नगण्य समजून गोळीही चालूच ठेवतात. हे धोक्याचं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

गिळलेली गोळी आतड्यातून शोषली जाते आणि तिथून पोर्टल शिरेने थेट यकृतात पोचते. शरीराच्या बाकी कुठल्याही भागाला ती मिळायच्या आत यकृताला मिळते. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात इस्ट्रॅडिऑलचं मोठ्या प्रमाणावर इस्ट्रोन होतं, आणि बऱ्याच भागाला सल्फेट किंवा ग्लुकुरोनाइड जोडलं जाऊन तो निकामी होतो. जसंच्या तसं इस्ट्रॅडिऑल रक्तात पोचतं ते साधारण 5 टक्के. इस्ट्रोन हेही इस्ट्रोजेनच, पण बरंच दुबळं. गोळी घेणाऱ्या बाईच्या रक्तात इस्ट्रोन हे इस्ट्रॅडिऑलच्या साधारण पाचपट असतं. पट्टी लावणारीच्या रक्तात दोन्ही जवळपास सारखी असतात, पाळी चालू असतानाच्या वयात असतात तशी.

आता आकड्यांबद्दल, कारण खरा घोटाळा इथेच होतो. गोळीवरचा आकडा म्हणजे तुम्ही किती गिळलं. पट्टीवरचा आकडा म्हणजे 24 तासांत त्वचेतून आत किती गेलं. पट्टीत भरलेलं औषध त्याहून कितीतरी जास्त असतं. जेलचा आकडा म्हणजे तुम्ही कातडीवर किती पसरलं. पंपाच्या एका दाबाला 0.75 मिग्रॅ निघतं, त्यातलं साधारण दहाव्या हिश्श्याइतकंच आत जातं. तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी मोजतात, त्यामुळे त्यांची एकमेकांशी वजाबाकी करता येत नाही.

डोस ठरवणं आणि बदलणं हे डॉक्टरांचंच काम. पण आपण काय घेतोय ते घेणाऱ्या बाईला कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

---

गोदाकाठ

ताई, फार उपयोगी. एक शंका. गोळीतलं एवढं वाया जातं, तर गोळी देतातच कशाला? सगळ्यांना पट्टी किंवा जेल का देत नाहीत?

---

औषधवाली

@गोदाकाठ, वाया जातं हे अर्धंच खरं. इस्ट्रोन सल्फेट रक्तात साठा म्हणून फिरत राहतं आणि त्यातून हळूहळू पुन्हा इस्ट्रॅडिऑल बनतं, म्हणून दिवसातून एक गोळी पुरते. गोळी स्वस्त पडते, सहज मिळते, कातडीला खाज येत नाही. गोळीने वाईट कोलेस्टेरॉल जरा जास्त उतरतं आणि चांगलं जरा चढतं, हेही तिच्या बाजूने आहे.

पण तोंडावाटे घेतल्यावर यकृताला बाकी शरीरापेक्षा कितीतरी जास्त इस्ट्रोजेन सोसावं लागतं, आणि यकृत गप्प बसत नाही. ते रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं. ट्रायग्लिसराइड वाढवतं. अँजिओटेन्सिनोजेन जास्त बनवतं, ज्याचा रक्तदाबाशी संबंध आहे. त्वचेवाटे घेतलेलं इस्ट्रॅडिऑल आधी सगळीकडे जातं आणि यकृतात बाकी अवयवांइतकंच पोचतं, म्हणून हे परिणाम फारसे दिसत नाहीत.

हे कागदावरचं शास्त्र नाही. फ्रान्समधल्या एस्थर अभ्यासात (2003, लॅन्सेट) इस्ट्रोजेनची गोळी घेणाऱ्या बायकांत शिरेत गुठळी होण्याची शक्यता न घेणाऱ्यांच्या साडेतीनपट दिसली. त्वचेवाटे घेणाऱ्यांत वाढ दिसली नाही. 2019 मध्ये ब्रिटनच्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींवरून झालेल्या मोठ्या अभ्यासाचा कलही तोच निघाला. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी वजन जास्त असेल, घरात गुठळीचा इतिहास असेल, मायग्रेन असेल, तर डॉक्टर गोळीऐवजी जेल किंवा पट्टी का सुचवतात याचं कारण हे.

आणि एक गोष्ट मला कायम खटकते. 2002 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) अभ्यासाचा एक भाग, फायद्यापेक्षा धोका जास्त दिसला म्हणून, थांबवला आणि जगभर बायकांनी घाबरून हार्मोन सोडले. त्या भागात दिलं काय होतं? गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवलेल्या इस्ट्रोजेनची 0.625 मिग्रॅची गोळी आणि सोबत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची (प्रोजेस्टेरॉनसारख्या कृत्रिम हार्मोनची) गोळी. दोन्ही तोंडावाटे. तो निष्कर्ष पुढे जेललाही लागला आणि पट्टीलाही लागला. मार्ग वेगळा असला तर धोकाही वेगळा असू शकतो, हे अभ्यासांत दिसू लागलं तरी बायकांपर्यंत पोचायला बराच काळ गेला, आणि तोवर कित्येक बायकांनी रात्र रात्र घामाने भिजून काढली.

---

नीलमोहर

मला हायपोथायरॉइड आहे, बरीच वर्षं थायरॉक्सिनच्या एकाच डोसवर टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की चढतो तो आकडा) स्थिर होता. इस्ट्रोजेनची गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी टीएसएच चढला. डॉक्टरांनी थायरॉक्सिन वाढवलं. याचा या धाग्याशी संबंध असू शकतो का?

---

औषधवाली

@नीलमोहर, थेट संबंध आहे, आणि हा मुद्दा सुटला होता. यकृत थायरॉइड हार्मोन वाहून नेणारं एक प्रथिन बनवतं. तोंडावाटे इस्ट्रोजेन घेतलं की ते प्रथिन वाढतं, जास्त थायरॉक्सिन त्याला चिकटून बसतं, मोकळं थायरॉक्सिन कमी पडतं. निरोगी ग्रंथी थोडं जास्त बनवून भरपाई करते. थायरॉइडच्या गोळीवर असलेल्या बाईची ग्रंथी तेवढं करू शकत नाही, म्हणून टीएसएच चढतो. पट्टीने हे सहसा होत नाही. तेव्हा थायरॉइडची गोळी चालू असताना तोंडावाटे इस्ट्रोजेन सुरू केलं किंवा बंद केलं, तर दोन-तीन महिन्यांत टीएसएच तपासून घ्यावा. बंद करताना विसरतात, आणि मग तोच वाढीव डोस जास्त होऊन धडधड सुरू होते.

---

टेम्स_काठी

इथे इंग्लंडमध्ये 2022 च्या वसंतात जेलचा तुटवडा पडला तेव्हा सगळ्या मैत्रिणींची तारांबळ उडाली होती. जेलवाल्यांना पट्टीवर जावं लागलं आणि जो तो हाच हिशेब विचारत होता. इथला ढोबळ ठोकताळा असा: जेलचे 2 पंप, 50 ची पट्टी आणि 2 मिग्रॅची गोळी एका पातळीवर धरतात, 1 पंप, 25 ची पट्टी आणि 1 मिग्रॅची गोळी त्याखालच्या पातळीवर. अमेरिकेत मात्र 50 च्या पट्टीसमोर 1 मिग्रॅची गोळी धरतात असं वाचलं. मग खरं काय?

---

औषधवाली

दोन्ही ठोकताळेच. एका बाईच्या आतड्यातून आणि यकृतातून 3 टक्के सुटतं, दुसरीच्या जास्त सुटतं. कातडीचंही तेच. जेल किती जागेवर पसरलं यानेही फरक पडू शकतो. दोन बायकांना एकाच मात्रेवर रक्तातली पातळी दुप्पट-तिप्पट वेगळी येणं अजिबात नवलाचं नाही. म्हणून मार्ग बदलला की तक्ता पाहून सुरुवात करायची आणि मग घाम, झोप, स्तनांतली दुखरी भावना, अवेळी रक्तस्राव यांवरून डॉक्टरांनी मात्रा जुळवायची.

---

सह्यकडा

एक गोष्ट जुळत नाहीये. गर्भनिरोधक पट्टीसुद्धा त्वचेवरच लावतात, पण तिच्या माहितीपत्रकात गुठळीचा इशारा ठळक असतो. बहीण अमेरिकेत आहे, तिने पत्रक पाठवलं होतं. इथे तर म्हणताय त्वचेवाटे धोका वाढत नाही?

---

औषधवाली

@सह्यकडा, या धाग्यावरचा सर्वात चांगला प्रश्न. उत्तर रेणूत आहे.

1930 च्या दशकात नैसर्गिक इस्ट्रोजेन हाताशी आलं, पण गिळून फारसं चालेना. 1938 मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहोफेन आणि होल्वेग यांनी इस्ट्रॅडिऑलच्या सतराव्या कार्बनवर एक छोटा इथिनाइल गट बसवला. यकृतातली विकरं ज्या ठिकाणी हात घालून इस्ट्रॅडिऑलचं इस्ट्रोन करतात, नेमकी तीच जागा त्या गटाने अडवली. हे इथिनाइल इस्ट्रॅडिऑल. तोंडावाटे घेतलं तरी 40 टक्क्यांच्या वर शाबूत राहतं. म्हणून गर्भनिरोधक गोळीत ते 20 ते 35 मायक्रोग्रॅमच पुरतं, तर साधं इस्ट्रॅडिऑल मिलिग्रॅममध्ये द्यावं लागतं.

पण यकृताला ते मोडता येत नाही याची दुसरी बाजू अशी, की रक्ताबरोबर ते यकृतात पुन्हा पुन्हा येतं आणि प्रत्येक वेळी तिथे कामाला लागतं. मग ते तोंडातून आलं, कातडीतून आलं की योनीत ठेवलेल्या रिंगमधून आलं, यकृताला फरक पडत नाही. तुमच्या बहिणीच्या पट्टीत हेच असतं. शिवाय त्या पट्टीने रक्तात दिवसभरात मिळून पोचणारं इस्ट्रोजेन 35 मायक्रोग्रॅमच्या गोळीपेक्षा साधारण 60 टक्के जास्त भरतं, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच पत्रकात घालायला लावलं होतं.

तेव्हा "पट्टी म्हणजे सुरक्षित" हे वाक्य असं सुटं वापरू नका. पट्टीत कुठला रेणू आहे ते आधी बघा.

---

मृण्मयी_त

आयव्हीएफच्या उपचारात मला इस्ट्रॅडिऑलची 2 मिग्रॅची नेहमीची गोळी, जी गिळायची असते तीच, काही दिवस योनीत ठेवायला सांगितली होती. मैत्रिणीला कोरडेपणासाठी योनीत ठेवायची गोळी दिली आहे, ती फक्त 10 मायक्रोग्रॅमची. तिला सांगितलंय की ही रक्तात जात नाही, काळजी नको. मग माझी रक्तात जात होती का नव्हती?

---

वैद्यकी

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी उत्तर देते.

तुमची जात होती, आणि भरपूर जात होती. योनीच्या अस्तरातून इस्ट्रॅडिऑल फार चांगलं शोषलं जातं आणि ते यकृत टाळून थेट रक्तात मिसळतं. तीच गोळी, तेच मिलिग्रॅम, गिळण्याऐवजी योनीत ठेवली तर रक्तातली पातळी कित्येक पटींनी वर जाते. गर्भाशयाचं अस्तर जाड होत नसेल तेव्हा आम्ही मुद्दाम हा मार्ग वापरतो.

मैत्रिणीच्या 10 मायक्रोग्रॅमला तो शोषणाचा नियम लागू आहेच, पण मात्रा तुमच्या दोनशेव्या भागाइतकी आहे. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. त्याने योनीचं अस्तर सुधारतं आणि रक्तातली पातळी पाळी थांबलेल्या बाईची असते तेवढीच राहते. "योनीतून म्हणजे फक्त जागेवरच" ही समजूत पेशंटमध्ये आहे आणि क्वचित डॉक्टरांमध्येही. जागेवर राहणं हे कमी मात्रेमुळे आहे.

प्रोजेस्टेरॉनची गोष्ट आणखी वेगळी. आयव्हीएफमध्ये योनीतून प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या मुली रक्ताचा रिपोर्ट घेऊन येतात आणि रडकुंडीला आलेल्या असतात: पातळी कमी आहे, गर्भ टिकणार नाही. तेलातलं इंजेक्शन घेतलेल्या मैत्रिणीचा आकडा त्यांच्या कितीतरी पट असतो. पण योनीतून दिलेलं प्रोजेस्टेरॉन रक्ताची मोठी फेरी मारायच्या आधीच शेजारच्या गर्भाशयात जाऊन पोचतं. अस्तराचा नमुना तपासला तर तिथे त्याचं प्रमाण इंजेक्शनपेक्षाही जास्त सापडतं. गर्भ रुजतो अस्तरात, दंडाच्या शिरेत नाही. इंजेक्शन आणि योनीमार्ग यांचे आकडे शेजारी ठेवून जीव टांगणीला लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. रक्तातली पातळी मोजून काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनी मार्ग लक्षात घेऊन ठरवायचं.

---

मृण्मयी_त

हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर किती रात्री शांत गेल्या असत्या. मनापासून आभार, डॉक्टर.

---

गोदाकाठ

प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्रीच घ्या असं मला बजावलंय. तेही मार्गामुळेच का?

---

वैद्यकी

हो. गिळलेल्या प्रोजेस्टेरॉनचा बराचसा भाग आतड्यात आणि यकृतात बदलतो आणि त्यातून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन तयार होतं. ते मेंदूत झोपेच्या औषधांच्याच ठिकाणी काम करतं. सकाळी घेतलं तर दिवसभर गुंगी, चक्कर. रात्री घेतलं तर तीच गोष्ट झोपेला मदत करते. योनीतून घेतलं तर गुंगी फार कमी. गर्भाशय असलेल्या बाईने इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यायलाच हवं, तेव्हा गुंगीमुळे परस्पर बंद करू नका, मार्ग बदलता येतो का ते विचारा. आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं.

---

उपकेंद्रातली_सिस्टर

मी आरोग्य उपकेंद्रात आहे. आमच्याकडे अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन 2017 नंतर आलं, तीन महिन्यांतून एकदा. 150 मिग्रॅ, स्नायूत. आता काही राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत कातडीखाली द्यायचं इंजेक्शन आणलंय, त्यात 104 मिग्रॅ असतं. प्रशिक्षणात आशाताईंनी विचारलं, औषध कमी म्हणजे दिवस कमी का? तर नाही, तेही तीन महिनेच. हे ऐकून आम्हाला सगळ्यांनाच नवल वाटलं होतं. कातडीखाली चरबीत ते सावकाश सुटतं, सुरुवातीला एकदम चढत नाही, म्हणून कमी औषधात तेवढंच काम होतं असं सांगितलं.

आणि एक, जे मी प्रत्येक बाईला दोनदा सांगते: अंतरा घेतल्यावर ती जागा चोळायची नाही, शेक द्यायचा नाही. आपल्याकडे सुई टोचली की चोळायची सवय असते, सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन तयार असतात. चोळलं की औषध लवकर सुटतं आणि मग तीन महिने पुरत नाही.

---

औषधवाली

@सिस्टर, हा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. साठा करून सोडणाऱ्या इंजेक्शनमध्ये मार्ग म्हणजे किती वेगाने सुटतं तो वेग. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनचंही असंच. ते नुसतं गिळलं तर यकृत जवळपास सगळं मोडून टाकतं. म्हणून त्याला लांब शेपटीचं मेदाम्ल जोडून एरंडेल तेलात 1000 मिग्रॅ खोल स्नायूत देतात, आणि ते दहा ते चौदा आठवडे पुरतं. तेच जोड दिलेलं टेस्टोस्टेरॉन कॅप्सूलमधून घ्यायचं असेल तर स्निग्ध जेवणासोबत घ्यावं लागतं, कारण ते तुपा-तेलाबरोबर लसिकावाहिन्यांतून जातं आणि यकृताला वळसा घालतं. उपाशीपोटी घेतलं तर जवळजवळ फुकट.

जिममध्ये मिळणाऱ्या स्टिरॉइड गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांत इथिनाइलसारखीच युक्ती केलेली असते, सतराव्या कार्बनवर अल्काइल गट. यकृताला मोडता येत नाही, म्हणून तोंडावाटे चालतं, आणि त्याच कारणाने यकृताला इजा होते: कावीळ, यकृतात रक्ताच्या पोकळ्या. ज्यांच्या घरात विशीतली मुलं जिमला जातात त्यांनी हे मुलांना जरूर वाचायला द्या.

---

काउंटरमागून

मेडिकल दुकान चालवतो. कॉर्टिसॉलच्या कुळातलेही स्टिरॉइड हार्मोनच, म्हणून इथे लिहितो. पावसाळा सुरू झाला की रोज कुणीतरी जांघेतल्या नायट्यासाठी ट्यूब मागायला येतो. मागतात ती ट्यूब बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड अशी एकत्र असलेली. 2018 पासून अशा स्टिरॉइड मलमांना प्रिस्क्रिप्शन लागतं, मी देत नाही, लोक भांडतात. म्हणतात, "वरून लावायचंय, खायचं थोडंच आहे?"

त्यांना काय सांगावं?

---

औषधवाली

@काउंटरमागून, तुम्ही देत नाही याबद्दल आधी आदर. त्यांना हे सांगा.

1967 मध्ये फेल्डमन आणि मायबाक यांनी माणसाच्या शरीरावर ठिकठिकाणी हायड्रोकॉर्टिसोन लावून किती आत जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागाला 1 धरलं, तर तळपायाला 0.14, टाळूला 3.5, कपाळाला 6, जबड्याच्या कोनाला 13. आणि अंडकोशाच्या त्वचेला 42. म्हणजे जांघेत, अंडकोशाला लागून लावलेलं मलम हातावर लावलेल्या मलमासारखं वागतच नाही. त्यात घट्ट जीन्स आणि घाम. जागा झाकली की शोषण आणखी वाढतं. प्लॅस्टिकने झाकल्यावर दहापटीपर्यंत. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, पण तिथली प्रतिकारशक्ती दबते, बुरशी पसरत जाते आणि कातडी पातळ होऊन कायमचे पांढरट-जांभळे वळ पडतात. चट्टे गेले तरी ते वळ जात नाहीत.

तान्ह्या बाळांचं तर फारच जपा. डायपर म्हणजे झाकणच. डायपरखाली क्लोबेटासोल हे फार जोरदार स्टिरॉइड लावत राहिल्याने बाळाचा चेहरा सुजून गोल झाला, स्वतःचं कॉर्टिसॉल बनणं बंद पडलं, अशा केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. आईने फक्त "रॅशचं मलम" लावलेलं असतं.

दम्याच्या पंपात नेमकं उलट साधलं आहे, हेही सांगावंसं वाटतं, कारण पंपातल्या स्टिरॉइडला पालक घाबरतात. फ्लुटिकासोन गिळलं गेलं तर यकृत ते जवळपास पूर्ण मोडतं, 1 टक्काही रक्तात पोचत नाही. श्वासनळीत जेवढं उतरतं तेवढंच कामाचं. म्हणून काही शे मायक्रोग्रॅममध्ये भागतं, जिथे गोळी मिलिग्रॅममध्ये द्यावी लागते. तरी पंपानंतर चूळ भरायची, तोंडात बुरशी होऊ नये म्हणून. मलमाला न घाबरणारे पंपाला घाबरतात, हे उलटं व्हायला हवं.

---

काउंटरमागून

42 चा आकडा कागदावर लिहून काउंटरला चिकटवतो.

---

नीलमोहर

शेवटचा प्रश्न, ताई. थायरॉइडच्या घोळानंतर मी जेलवर आले आहे. रक्तातलं इस्ट्रॅडिऑल तपासायला सांगितलंय. आणि नातू दोन वर्षांचा आहे, अंगाखांद्यावरच असतो. काही जपायला हवं का?

---

औषधवाली

दोन्हींत जपायला हवं.

जेल ज्या हाताला लावता त्या हातातून रक्त देऊ नका. कातडीवर उरलेलं औषध सुईबरोबर नमुन्यात उतरतं आणि आकडा खोटाच भरमसाट येतो, मग डॉक्टर विनाकारण मात्रा कमी करतात. दंडांऐवजी मांडीला लावत असाल तर हा प्रश्नच येत नाही. जेल लावून किती तास झाले ते लॅबच्या कागदावर लिहून द्या.

नातवासाठी: जेल पूर्ण वाळू द्या, वर कपडा येऊ द्या, हात साबणाने धुवा. निदान तासभर ती जागा धुवायची नाही आणि कुणाच्या कातडीला लागू द्यायची नाही. टेस्टोस्टेरॉनच्या जेलबाबत तर वडिलांच्या अंगावरून लहान मुलांना लागून मुलांत अकाली वयात आल्याची लक्षणं दिसली, म्हणून अमेरिकेत 2009 मध्ये पाकिटावर चौकटीतला इशारा छापायला लावला. इस्ट्रोजेनबाबतही मुलामुलींत स्तनांची वाढ दिसल्याच्या नोंदी आहेत. सगळ्यात सोपं म्हणजे रात्री नातू झोपल्यावर मांडीला लावा आणि पायजमा घाला.